जीटी-आर तुमची, रोडस्टर माझी

अहो, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि लोकांनी आपला वाद मिटवूनही टाकला. तुम्हाला राग येईल म्हणून आधी हेच सांगते. भेटायला आलेला जो तो उठताना म्हणतो, वहिनी, आता मनात काही ठेवू नका, सगळं सोडून द्या. बाकीचं सोडते मी. तुम्ही ओला टॉवेल पलंगावर टाकायचात ते सोडलं, माझ्या माहेरच्यांना नावं ठेवायचात तेही सोडलं. पण गाड्यांचा वाद कसा सोडायचा ते मला कोणी सांगत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "त्यात सोडाचं काय हाय? जीटी-आर चांगली म्हन आन् मोकळी हो."

नाही म्हणणार. तुम्ही गेलात म्हणून मी हरायचं, असं आपलं कधी ठरलं नव्हतं.

सन्मतीनं तर फोनवर सरळच विचारलं. आपला लेक जपानात राहून तुमच्यासारखाच गोड बोलायला शिकलाय. "आई, एकदा म्हणून टाक ना, बाबांचंच बरोबर होतं. त्यांना बरं वाटेल." मी म्हटलं, त्यांना कशानं बरं वाटायचं ते मला माहीत आहे, तू तुझं काम बघ. फोन ठेवला आणि मग खूप वेळ रडले. त्याचं चुकलं नव्हतं. पण मी हो म्हटलं असतं तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे काय उरलं असतं?

कारंज्याच्या बाजारात पाण्याच्या पंपांचे आणि ऑईल इंजिनचे सुटे भाग विकणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा, आवाज चढवून कधी न बोलणारा माणूस जपानी स्पोर्ट्स गाड्यांच्या नादी लागलाच कसा, हे कोडं मला लग्नापासून आहे. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा गल्ल्यामागे महावीर भगवंतांचा फोटो होता आणि त्यापासून हातभर लांब, वेगळ्या खिळ्यावर, मासिकातून कापलेली एक निळी गाडी. मला वाटलं पंपवाल्या कंपनीची जाहिरात असेल. तुम्ही हळूच म्हणालात, "ते स्कायलाईन हाय, जीटी-आर." थोरल्या जाऊबाईंची ओळख करून द्यावी तसा तुमचा सूर होता. मी नमस्कार करायचीच बाकी होते.

पुढे मोबाईल आला आणि तुमचं सोनं झालं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही त्यात डोकं घालून बसायचात. बोलणाऱ्यांचं इंग्रजी तुम्हाला निम्मं कळायचं, इंजिनाचा आवाज मात्र पुरता कळायचा. मोबाईल पालथा घालून मला ऐकवायचात आणि ओळखायला लावायचात. ही सुप्रा, हिचा आवाज भरलेला, छातीतून येणारा. ही आरएक्स-सेव्हन, हिच्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, सगळं गोल फिरतं, म्हणून ती वर वर चढत जाते आणि दमत नाही. ही एनएसएक्स, हिचं इंजिन माणसाच्या पाठीमागे. आणि मग जीटी-आर. ती लावली की तुम्ही काहीच सांगायचा नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहायचात. मी म्हणायचे, दळणाचा डबा आणायचाय, जाते.

तरी मला गाडी शिकवलीत तुम्हीच. कापसाचा हंगाम संपल्यावर जिनिंगचं मोकळं झालेलं आवार, सन्मती मागच्या सीटवर झोपलेला, आणि आपली जुनी छोटी गाडी. तुम्ही शेजारी बसलात आणि पहिल्याच दिवसापासून तुमच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबायला लागलात. मी जराशी वळले की तुमचा उजवा पाय खाली. समोर शेळी दिसली की पाय खाली. पुढं मी तुमच्यापेक्षा बरी चालवायला लागले, हे तुम्ही चारचौघांत कबूल करायचात, तरी पाय काही थांबला नाही. तुमच्या बाजूचं पायपुसणं झिजून भोक पडलं होतं. मी बदलत नव्हते, पाहुण्यांना दाखवायला ठेवलं होतं.

आपलं कुठं बिनसलं ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला सरळ रस्ता आवडायचा. समृद्धी महामार्ग झाला तेव्हा तुम्ही मला शेलू बाजारापासून मुद्दाम त्यावर घेऊन गेलात, अगदी नियमात चालवत होतात, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जसा काही तो रस्ता तुम्हीच बांधला. मला झोप लागली. मला पातूरचा घाट आवडायचा. वळण आलं, गिअर खाली घेतला, गाडी जरा कलली आणि पुन्हा सरळ झाली, की मला हलकं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "रस्त्यानं सरळ जाता येते तं वाकडं कायले जाचं?" मी म्हणायचे, वाकड्यात गाडी कळते. तुम्ही म्हणायचात, "आन् सरळ्यात मानूस पोचते."

सन्मतीनं आपल्याला जपानला बोलावलं तेव्हा फुजी पाहू, देवळं पाहू, असं त्याचं चाललं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, तिथं गाडी डाव्या हातानं चालवतात ना? मग वाशिमला आरटीओत जाऊन आपण दोघांनी परदेशात चालवायचा परवाना काढला. खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, "तुमी बी चालवता का, काकू?" तुम्ही माझ्याआधी उत्तर दिलंत, "तेच चालवते. मी बसतो." मला तेव्हा तुमच्यावर फार प्रेम आलं होतं. सांगायचं राहून गेलं, कारण लगेच तुम्ही म्हणालात की तुझ्या त्या आवडत्या रोडस्टरसारखी खेळणी मात्र भाड्यानं घ्यायची नाहीत.

घेतली. डोंगराच्या पायथ्याशी एक आवार होतं, तिथं जुन्या-नव्या स्पोर्ट्स गाड्या दिवसभरासाठी भाड्यानं मिळायच्या. तुम्ही आत शिरलात आणि तुमची चाल बदलली. मंदिरात जाताना चपला काढतो तसे तुम्ही बूट काढायला वाकलात, सन्मतीनं धरलं म्हणून बरं. सुप्रात बसलात, एनएसएक्समध्ये बसलात, उतरताना दोनदा डोकं आपटलंत, आणि शेवटी त्या पांढऱ्या जीटी-आरजवळ जाऊन उभे राहिलात. मी रोडस्टर घेतली, लाल, दोन माणसांची, वरचं छत मागे दुमडणारी. तिच्यात बसायला खाली उतरावं लागतं, जात्याशी बसल्यासारखं. तुम्ही वरून माझ्याकडे बघून म्हणालात, "दिसून राह्यली का तू?"

ठरलं असं होतं, की आधी आपापल्या गाडीनं डोंगर चढायचा नि उतरायचा. मग गाड्या बदलायच्या, पुन्हा चढायचा नि उतरायचा. त्याशिवाय निकाल नाही. हे तुम्हीच ठरवलं होतं. दुकानात दोन पंप शेजारी लावून एकाच विहिरीचं पाणी उपसून दाखवायची तुमची जुनी रीत होती.

पहिली फेरी माझ्या अजून हातात आहे. रोडस्टरचा गिअर मनगट हललं की पडायचा. ताकद फार नव्हती, चढावर तिला रडवावं लागायचं, इंजिन ओरडायचं आणि मला वाटायचं आपण केवढ्या वेगात आहोत, तेवढ्यात एक दूधवाली गाडी मागे टेकायची. पण उतारावर ती माझी झाली. ब्रेक जरा, स्टिअरिंग दोन बोटं, आणि तिची मागची चाकं कुठं आहेत ते मला सीटमधून कळत होतं. एका वळणावर मी जास्त जोरात शिरले. तिनं मला लगेच सांगितलं, बाई, चुकलीस. मी पाय सैल केला, ती सावरली. वारा सगळा पदरात. पन्नाशी उलटलेल्या बाईनं एवढं हसू नये इतकी मी हसले.

मग तुमच्या जीटी-आरमध्ये बसले. जड दार, जड स्टिअरिंग, जाड खुर्ची. चढावर पाय दाबला आणि एक क्षण काहीच झालं नाही, मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी पाठ खुर्चीत रुतली आणि बोलायच्या आत वळण समोर आलं. मी घाबरून ब्रेक दाबला तर गाडी अशी थांबली, की जणू ती वाटच बघत होती. वळणात मी चुकले. नक्की चुकले, मला माहीत आहे. पण गाडीनं चारही चाकांनी रस्ता धरला, आतल्या आत काय करायचं ते केलं आणि मला पत्ताही लागू दिला नाही. वर आल्यावर मी म्हटलं, "ही गाडी माझी चूक मला सांगत नाही." तुम्ही म्हणालात, "सांगून काय कराचं? दुरुस्त केली ना तिनं?" मी म्हटलं, "मला कळायला पाहिजे." तुम्ही म्हणालात, "तुले समदंच कळाले पायजे." सन्मती मध्ये उभा राहून रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागला.

आणि मग ती चूक झाली, जी आपल्यासारख्यांच्याच हातून व्हायची. तुम्ही सगळा दिवस कारंज्याच्या सूर्यावर बेतला होता. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या दिवसांत सूर्य ज्या वेळी मावळतो, त्याच्या आधी दुसरी उतरण करायची, पायथ्याशी येऊन डबा खायचा. तिथं तो फार लवकर मावळतो हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. सन्मतीला विचारायला हवं होतं, पण तो केव्हापासून रात्री जेवायला लागला होता, त्याचं लक्ष सूर्याकडे कुठलं. तुम्ही रोडस्टर घेऊन चढून आलात, कपाळावर घाम, गुडघे स्टिअरिंगला लागून दुखावलेले, आणि समोर सूर्य डोंगराला टेकलेला. तुमच्या हातात उताराची किल्ली होती. तुम्ही सूर्याकडे पाहिलंत, किल्लीकडे पाहिलंत, ती खिशात टाकलीत आणि डबा उघडलात.

गाड्या उभ्या करायच्या त्या जागेवर, थंडीनं हात आखडलेले, आपण दशम्या आणि दाण्याची चटणी घाईघाईनं खाल्ली. पाणी पिऊन झालं तेव्हा अंधार पडायला लागला होता. समोरच्या दिव्यांनी तुमचे डोळे दिपायचे, म्हणून अंधारात तुम्ही चालवत नव्हतात. रोडस्टर सन्मतीनं उतरवली, तुम्ही शेजारी बसलात. मी मागून जीटी-आर घेऊन येत होते आणि दर वळणाला तुमचं डोकं जरासं पुढं झुकताना दिसत होतं. ब्रेक दाबत होतात तुम्ही.

त्या दिवशी तुम्ही एका शब्दानं तक्रार केली नाहीत. त्यानंतर घरी आल्यापासून रोज केलीत.

माझं म्हणणं साधं होतं. रोडस्टर उतारावर चालवल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचा तुम्हाला हक्क नाही, ती गाडी चढावरची नाहीच. तुम्ही म्हणायचात, "उतारावर तं सायकलही चांगली वाटते." आपल्या या खटल्याला न्यायाधीश मिळाले किन्हीराजाचे गजाननभाऊ. तुमचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या तीन विहिरींवरचे पंप तुमच्याच दुकानातले. ते दुकानात आले, की काय पाहिजे ते सांगायच्या आत तुम्ही त्यांना खुर्चीत बसवायचात आणि मलाही दुकानात बोलावणं यायचं. ते बिचारे ट्रॅक्टर सोडून काही चालवत नाहीत. दोघांचं ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "दोघायचंही बराबर हाय, पन मले पंपाचं वायसर पायजे." निकाल कधी लागला नाही. तुम्हाला आणि मला दोघांनाही तो नको होता, हे मला आता कळतंय.

दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी आपण मंदिरातून येऊन एकमेकांना क्षमा मागायचो. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा. तुम्ही हात जोडायचात आणि म्हणायचात, "गाडीचं सोडून." मीही म्हणायचे, गाडीचं सोडून. सासूबाई हयात होत्या तेव्हा त्यांना वाटायचं, आपण कुठल्या तरी अपघाताबद्दल बोलतोय. यंदा ते दिवस जवळ आलेत. मी हात जोडेन आणि तेवढंच सोडेन, बाकी सगळं तुम्हाला माफ.

आता ते सांगते जे कोणाला सांगितलं नाही. त्या दुपारी तुम्ही जेवणानंतर छातीवर हात ठेवून बसलात आणि म्हणालात, अमरावतीला जाऊन येऊ, तूच चालव. मी गाडी काढली. आपल्या याच गाडीनं आपण अमरावतीला किती वेळा गेलो असू, कापड आणायला, चष्मा करायला. त्या दिवशी रस्ता संपतच नव्हता. समोर ट्रक, मी पाय पुरता दाबलेला, आणि गाडी नुसती ओरडत होती, पुढं जात नव्हती. अहो, मला त्या रस्त्यावर तुमची जीटी-आर पाहिजे होती. मला गिअर नको होता, वळण नको होतं, वारा नको होता. मला नुसतं पोचायचं होतं. हे मला तुम्हाला तिथंच म्हणायचं होतं, पण म्हटलं तर तुम्ही घाबराल, की ही आज हरतेय म्हणजे माझं काही खरं नाही.

तुम्ही मान मागे टाकून डोळे मिटले होते. तरी पाय चालू होता. ट्रक आला की खाली, वळण आलं की खाली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेवढंच बघत होते आणि मनात म्हणत होते, दाबा, दाबा. मग रस्त्यात एकदम एक गाय आली, मी जोरात ब्रेक मारला, आणि तुमचा पाय हलला नाही. दवाखान्यात त्यांनी जे सांगितलं ते मला तिथंच, गाय पलीकडे जाईपर्यंत कळलं होतं. मी बाकीचा रस्ता हळू चालवला.

परवा गजाननभाऊ आले. दुकान अजून बंदच आहे, म्हणून घरी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्या समाधानासाठी म्हणाले, "वयनी, मी लय इचार केला. रोडस्टरच चांगली. तुमी जितल्या." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणूस पाठमोरा झाला म्हणून लगेच निकाल द्यायचा?

मी म्हटलं, "कायची रोडस्टर, गजाननभाऊ? मानूस चुकनारच. त्या टायमाले गाडीनं गुपचूप सांभाळून घेतलं, बोलून दाखवलं नाई, तं हे काय कमी हाय? लोकाले वाटते, ताकदीची गाडी म्हनजे मस्ती. तसं नाई. जवा खरंच कुठं पोचाचं असते ना, तवा समजते ताकद कायले पायजे." सगळं तुमचं. शब्द तुमचे, हात हलवायची लकब तुमची. ती मस्तीवाली ओळ तुम्ही किती वेळा मला ऐकवली होतीत, आणि मी किती वेळा मध्येच उठून कुकर बंद करायला गेले होते. एवढी नीट तुमची बाजू तुम्ही स्वतः कधी मांडली नसेल. गजाननभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग तुमी हारल्या म्हना."

"मी कायले हारू?" मी म्हटलं. "हे त्यायचं झालं. आता माह्यं ऐका."

आणि मी माझी बाजू मांडायला घेतली. गाडी जमिनीजवळ असते ते सांगितलं. मनगटानं पडणारा गिअर सांगितला. चूक झाली की ती लगेच सांगते, म्हणून माणूस शिकतो, हे सांगितलं. एरवी दुकानात हीच माझी बाजू चहाचे दोन-तीन कप होईपर्यंत चालायची, गिऱ्हाईकं येऊन बसायची, दिवेलागणीच्या आधी जेवायला उठावं लागायचं म्हणून थांबायची. परवा ती त्यांचा पहिला कप निवायच्या आत संपली. मी आठवून पाहिलं, काही सांगायचं राहिलं का. काही राहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या भांडणात माझं म्हणणं एवढंसंच होतं.

गजाननभाऊंनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले.

मी त्यांना लगेच उठू दिलं नाही. तुम्ही मध्ये बोलाल म्हणून थोडा वेळ तशीच थांबले.